एकच लेख शोधात चार पत्त्यांनी दिसतोय, आणि वर येतोय तो नेमका चुकीचा

चाकाची_आरी

नमस्कार मंडळी. आमची सायकल दुरुस्तीची साइट आहे. लेख बाबा लिहितात, आकृत्याही तेच काढतात, साइट सांभाळायचं काम माझ्याकडे. सध्या २१४ लेख आहेत. मागची स्क्रिप्ट बारा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाने हाताने लिहून दिली होती, वर्डप्रेस वगैरे काही नाही. मला एचटीएमएल येतं, सर्व्हरच्या फाइली मात्र घाबरत घाबरत बदलते.

‘न सुटणाऱ्या पायडलवर उपाय’ हा आमचा सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख. गेल्या महिन्यात एका वाचकाची मेल आली. त्यांनी डावं पायडल नेहमीसारखं घड्याळाच्या उलट फिरवलं, पान्याला नळी लावून जोर दिला, आणि क्रँकचे (पायडल ज्या दांड्याला बसतं त्याचे) आटे गेले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं तरच सुटतं. लेखात हे सगळ्यात वर, लाल चौकटीत लिहिलेलं आहे. ते म्हणाले, “मला चौकट दिसलीच नाही.” मी पत्ता मागवला. ते गूगलवरून आले होते आमच्या छपाईच्या पानावर. त्या पानावर शाई वाचावी म्हणून स्क्रिप्ट चौकटी आणि आकृत्या गाळते. म्हणजे जी एक गोष्ट वाचायलाच हवी होती तीच गाळलेली.

मग मी शोधून पाहिलं, तर एकाच लेखाचे चार पत्ते निघाले. एक साध्या एचटीटीपीचा, पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेला. एक एचटीटीपीएस आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला, तोच आमचा खरा पत्ता. एक खऱ्याच्या शेवटी ‘प्रिंट=१’ जोडलेला. आणि एक शेवटी लांबलचक ‘यूटीएम’ शेपूट (वाचक कुठून आला ते मोजण्यासाठी जोडतात ती) असलेला. सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलला कशी दिसते ते सांगणारं गूगलचंच साधन) इंडेक्स झालेली, म्हणजे शोधाच्या यादीत घेतलेली, पानं ३४० आणि न झालेली १,९०० च्या वर दाखवतंय. लेख २१४! बऱ्याच पत्त्यांपुढे ‘डुप्लिकेट, विदाउट यूजर-सिलेक्टेड कॅनॉनिकल’ असं लिहिलंय.

घाईघाईत मी दोन गोष्टी केल्या. रोबॉट्स फाइलमध्ये, म्हणजे शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, छपाईच्या पानांना मनाई केली. आणि रिमूव्हल टूलमधून एचटीटीपीचा पत्ता काढून टाकायची विनंती दिली. दुसऱ्या दिवशी तो लेख शोधातून पूर्णच गायब झाला, खऱ्या पत्त्यासकट. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

काय आधी करू आणि काय नंतर? आणि दुहेरी पानांबद्दल गूगल साइटला दंड करतं म्हणतात, तसं काही झालंय का?

रात्रपाळी

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती रिमूव्हलची विनंती रद्द करा. त्याच टूलमध्ये तुमच्या विनंत्यांची यादी असते, तिथेच रद्द करायची सोय आहे. हे टूल एचटीटीपी-एचटीटीपीएस आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला-नसलेला असा फरक करत नाही. एक पत्ता दिला की सगळी भावंडं एकदम झाकली जातात. आणि तेही साधारण सहा महिन्यांपुरतं झाकणं आहे, कायमचं काढणं नव्हे. चुकून एखादं खासगी पान बाहेर गेलं तर ते तातडीने झाकण्यासाठी ते टूल आहे. दुहेरी पत्त्यांवर ते वापरू नका असं गूगल स्वतःच सांगतं.

दुसरं, रोबॉट्स फाइलमधली मनाई उठवा. हे उलटं वाटेल, पण विचार करा. छपाईचं पान गूगलला आधीच ठाऊक आहे. आता तुम्ही दार लावलंत. आत ‘खरा पत्ता हा’ सांगणारा कॅनॉनिकल टॅग असो, ‘यादीत घेऊ नका’ सांगणारा नोइंडेक्स असो, दुसऱ्या पत्त्याकडे पाठवणारा रिडायरेक्ट असो, त्याला काहीच वाचता येणार नाही. पत्ता मात्र यादीत राहू शकतो, फार तर खाली वर्णन येणार नाही इतकंच. रोबॉट्स फाइल ‘इकडे फिरकू नका’ एवढंच सांगते, ‘यादीतून काढा’ असं सांगत नाही.

दंडाचं मनातून काढून टाका. एकाच साइटवर एकच मजकूर दोन-चार पत्त्यांवर असणं ही वेबवरची रोजची गोष्ट आहे. लबाडीने फसवायचा हेतू नसेल तर त्यासाठी शिक्षा नाही. होतं ते असं: गूगल सारखी पानं एका गटात घालतं आणि गटातला एक पत्ता प्रतिनिधी म्हणून निवडतं. त्याला कॅनॉनिकल म्हणतात. निवड करताना ते तुमच्या खुणा बघतं. रिडायरेक्ट कुठे नेतो, पानाच्या हेडमधला (कोडच्या वरच्या, वाचकाला न दिसणाऱ्या भागातला) कॅनॉनिकल टॅग काय म्हणतो, साइटच्या आतल्या लिंका कुठे जातात, साइटमॅपमध्ये (गूगलसाठी केलेल्या पत्त्यांच्या यादीत) काय आहे, एचटीटीपीएस आहे का. ह्या खुणा एकमेकींशी भांडत असतील तर ते स्वतःच्या अंदाजाने निवडतं. तुमचं तेच झालंय. छपाईच्या पानावर गाळलेला मजकूर असल्यामुळे ते कधी कधी खऱ्या पानाच्या गटातही जात नसेल, वेगळंच पान म्हणून उभं राहत असेल.

आता एक काम करा. लेखाच्या पत्त्याची चार दारं असतात: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, प्रत्येकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना. चारही दारांवर कर्लने (पत्ता तपासायची कमांड) फक्त हेडर, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराच्या सुरुवातीच्या ओळी, मागवा आणि पहिली ओळ व ‘लोकेशन’ची ओळ इथे लिहा. ब्राउझरमध्ये बघू नका, तो आधीचं लक्षात ठेवतो आणि पाठचे टप्पे दाखवत नाही.

नवा_भिडू

मलाही हाच त्रास आहे. एका जुन्या लेखात वाचलं की सर्च कन्सोलमध्ये यूआरएल पॅरामीटर नावाचं टूल आहे, तिथे ‘प्रिंट’ आणि ‘यूटीएम’कडे दुर्लक्ष कर असं सांगता येतं. कुठे सापडेल?

रात्रपाळी

ते टूल एप्रिल २०२२ मध्ये बंद झालं. ‘पसंतीचं डोमेन’ निवडायची सोयही आधीच २०१९ मध्ये गेली. आता गूगलला वेगळं जाऊन सांगायची जागा उरलेली नाही, जे सांगायचं ते साइटनेच सांगायचं. जुने लेख वाचताना आधी तारीख बघत जा.

चाकाची_आरी

विनंती रद्द केली, मनाई उठवली. लेख दोन दिवसांनी परत दिसायला लागला. खूप आभार. दोन रात्री झोप नव्हती.

चार दारं तपासली:

एचटीटीपी, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूविना: थेट २००. म्हणजे पान तिथेच उघडतं, कुठेच पाठवत नाही.
एचटीटीपी, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह: ३०२, खऱ्या पत्त्याकडे.
एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूविना: ३०२, पण ते एचटीटीपी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडे, आणि तिथून पुन्हा ३०२.
एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह: २००. हा खरा.

सर्व्हर अपाची आहे. फाइलमध्ये मी फक्त ‘रिडायरेक्ट’ असं लिहिलंय, ३०२ कुठेच लिहिलेलं नाही. मग ते आलं कुठून?

रात्रपाळी

तिथूनच आलं. अपाचीमध्ये ‘रिडायरेक्ट’पुढे आकडा लिहिला नाही की तो ३०२ धरतो, म्हणजे ‘तात्पुरतं हललंय’. रीराइटच्या नियमात नुसता ‘आर’ लिहिला तरी तेच. ‘आर बरोबर ३०१’ असं स्पष्ट लिहावं लागतं. ३०१ म्हणजे ‘कायमचं हललंय’, आणि नवा पत्ताच खरा धरा यासाठी ती ठळक खूण आहे. ३०२ ची खूण कच्ची. जो तात्पुरता गेलाय तो परत येईल, मग जुना पत्ता यादीत ठेवावा, असा त्याचा सरळ अर्थ लागतो.

पहिलं दार २०० देतंय त्याअर्थी त्या नावाचा जुना व्हर्च्युअल होस्ट (सर्व्हरवरची त्या नावापुरती वेगळी मांडणी) कुठेतरी जिवंत आहे. त्याची फाइल शोधा. त्यात बाकी सगळं काढून एकच ओळ ठेवा, खऱ्या पत्त्याकडे ३०१.

आणि टप्पे तोडा. तीनही चुकीच्या दारांवरून एकाच उडीत खऱ्या दारावर पोचलं पाहिजे. गूगलबॉट दहा उड्यांपर्यंत मागे येतो, तरी मधला एखादा टप्पा उद्या तुटला तर तुम्हाला पत्ता लागणार नाही. एकच काळजी घ्या: प्रत्येक जुना लेख त्याच नव्या लेखाकडे गेला पाहिजे. सगळ्यांना उचलून मुखपृष्ठावर पाठवू नका, ती फार महागात पडणारी चूक आहे.

जुनी_नोंदवही

चाकाची_आरी, दारांचं काम चालू द्या, पण त्याने ‘प्रिंट’ आणि ‘यूटीएम’ सुटणार नाहीत. ती खऱ्या दारातूनच आत येतात. तिथे कॅनॉनिकल टॅग लागेल. २००९ च्या फेब्रुवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनी मिळून हा टॅग आणला तो नेमका ह्याच दुखण्यासाठी: एक मजकूर, पत्त्याला शेपट्या अनेक. तुमच्या पानात तो आहे का? सोर्स उघडून हेडचा भाग इथे शब्दांत सांगाल का, कुठल्या ओळीनंतर कुठली येते ते?

आणि सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत छपाईच्या पानाचा पत्ता घालून बघा. ‘यूजर-डिक्लेअर्ड कॅनॉनिकल’ आणि ‘गूगल-सिलेक्टेड कॅनॉनिकल’ अशा दोन ओळी असतात. पहिलीत काय येतं?

चाकाची_आरी

टॅग आहे! त्या मुलाने नंतर कधीतरी घालून दिला होता. हेडमध्ये आधी शीर्षक, मग स्टाइलशीट, मग वाचकसंख्या मोजणाऱ्या एका जुन्या काउंटरचं एक पिक्सेलचं चित्र, आणि त्यानंतर कॅनॉनिकल. पण यूआरएल तपासणीत पहिल्या ओळीत ‘नन’, म्हणजे काहीच नाही, असं येतंय. डोळ्यांसमोर टॅग दिसतोय आणि गूगल म्हणतंय नाही. मी खूप वेळ दोन्हींकडे बघत बसले.

जुनी_नोंदवही

सापडलं. ते चित्र काढा.

हेडमध्ये चित्राला जागाच नाही. तिथे शीर्षक, मेटा, लिंक, स्टाइल, स्क्रिप्ट अशी मोजकीच मंडळी चालतात. ब्राउझर वाचत वाचत येतो, मध्येच चित्र लागतं, तेव्हा तो समजतो की हेड संपलं, बॉडी सुरू झाली. तुम्ही हेड कुठे बंद केलंय ह्याला मग अर्थ राहत नाही. चित्राच्या खालचं सगळं बॉडीत जाऊन पडतं, तुमचा कॅनॉनिकलही. बॉडीतला कॅनॉनिकल गूगल मानत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर कुणीही प्रतिक्रियेत टॅग चिकटवून दुसऱ्याचं पान पळवलं असतं.

सोर्समध्ये हे कधीच दिसणार नाही, कारण सोर्स म्हणजे तुम्ही लिहिलेलं. ब्राउझरचं इन्स्पेक्टर उघडा, तिथे त्याला कसं समजलं ते दिसतं. टॅग बॉडीखाली लटकलेला सापडेल. मी स्वतः एका साइटवर ह्याच चुकीमागे आठवडा घालवलाय, म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितोय.

चाकाची_आरी

खरंच बॉडीत होता. चित्र काढलं, कॅनॉनिकल शीर्षकाच्या लगेच खाली आणला. लाइव्ह चाचणी केली. आता ‘नन’ जाऊन पत्ता येतोय. पण छपाईच्या पानावर तो छपाईच्याच पानाचा पत्ता येतोय! ‘यूटीएम’च्या पानावर ‘यूटीएम’चाच.

जुनी_नोंदवही

म्हणजे तुमची स्क्रिप्ट टॅगमध्ये जो पत्ता मागितला गेला तोच जसाच्या तसा छापतेय. मग प्रत्येक जुळं उठून म्हणतं, मीच थोरला. टॅग नसता तर गूगलने निदान अंदाज केला असता.

पत्ता मागणीतून घेऊ नका, लेखाच्या नोंदीतून घ्या. प्रत्येक लेखाचा एकच पूर्ण पत्ता डेटाबेसात असू द्या, एचटीटीपीएसपासून शेवटपर्यंत, आणि टॅगमध्ये तोच छापा. अर्धा पत्ता नको. डोमेनपासून सुरू केलंत आणि पुढचं एचटीटीपीएस विसरलात, तर तो चालू पत्त्याच्या पुढे चिकटून भलतंच काहीतरी तयार होतं.

शेपूट कुठून येतेय तेही बघा. बहुतेक बाहेरच्या जाहिरातीतून येते, पण आपल्याच मुखपृष्ठावरच्या लिंकला कुणीतरी ‘यूटीएम’ लावून ठेवलेलं असतं, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

नवा_भिडू

छपाईच्या पानांना कॅनॉनिकलबरोबर नोइंडेक्सही लावला तर? डबल बंदोबस्त.

जुनी_नोंदवही

नको. कॅनॉनिकल म्हणतो, ‘हे आणि ते एकच समजा’. नोइंडेक्स म्हणतो, ‘हे यादीत घेऊ नका’. दोन्ही एकदम लावले की परस्परविरोधी खुणा झाल्या. एकच निवडा. माझं मत कॅनॉनिकलच्या बाजूने, कारण त्यामुळे त्या पानाकडे आलेल्या बाहेरच्या लिंका खऱ्या पानाच्या खात्यात जमा होतात.

रात्रपाळी

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. कॅनॉनिकल ही सूचना आहे, हुकूम नाही. गूगलला पटलं नाही तर ते बाजूला ठेवतं. आणि इथे दोन पानं खरोखर एकसारखी नाहीत. एकीवर इशारा आहे, आकृत्या आहेत, दुसरीवर नाहीत. मग टॅग लावूनही गूगल ‘ही वेगळी पानं आहेत’ म्हणू शकतं.

मी तर छपाईचं पान ठेवणारच नाही. छपाईसाठी वेगळा पत्ता लागत नाही, स्टाइलशीटमध्ये छपाईपुरते वेगळे नियम लिहिता येतात. मेनू, बाजूच्या पट्ट्या, रंगीत पार्श्वभूमी लपवा. लाल चौकट काळ्या जाड रेघेत राहू द्या. मग ‘प्रिंट=१’ असलेला प्रत्येक पत्ता ३०१ ने मूळ लेखाकडे. रोग मुळापासून गेला. आणि ताई, तुमच्या बाबतीत प्रश्न क्रमवारीचा नाहीच. इशारा नसलेला लेख कुणाच्या हातात पडता कामा नये, कागदावरसुद्धा.

चाकाची_आरी

हे वाचून मी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, छपाईचं पान मीच मागून घेतलं होतं, तेव्हा शाई महाग वाटायची. त्यांनी लगेच होकार दिला. ते पान काढतेय.

मुखपृष्ठावरच्या ‘ह्या आठवड्याचा लेख’ लिंकला ‘यूटीएम’ मीच लावलं होतं, किती जण दाबतात ते कळावं म्हणून. काढलं.

काना_मात्रा

उशिरा येतोय, पण एक गोष्ट कुणी विचारली नाही. तुमचे पत्ते देवनागरीत आहेत का? असतील तर शीर्षकात ‘सुटणाऱ्या’ आहे, आणि तिथे आणखी एक जुळं लपलेलं असू शकतं.

‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसरी, साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा जोडक, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह लिहिला जातो. ऱ चा शेवटचा बाइट बी१, र चा बी०, आणि जोडक असेल तर ई२, ८०, ८डी हे तीन जास्तीचे. म्हणजे दोन पूर्ण वेगळे पत्ते. युनिकोडचं प्रमाणीकरणही हे एकत्र करत नाही, कारण त्याच्या लेखी तो जोडक हे वेगळं चिन्ह आहे. ‘ॲ’चंही तसंच. २००८ मध्ये त्याला स्वतःचं चिन्ह मिळालं, पण त्याआधीचे लोक अ वर अर्धचंद्र ठेवत, आणि आजही बरेच जण तसंच लिहितात. तुमच्याकडे ‘ॲक्सल’वर लेख असेलच.

पत्ता ब्राउझरमधून कॉपी करून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवा, टक्क्यांसकट दिसेल. मग इंडेक्स अहवालातल्या पत्त्यांशी ताडून बघा.

चाकाची_आरी

काना_मात्रा, तुम्ही म्हणालात म्हणून बघितलं. एकट्या पायडलच्या लेखाचे दोन, ‘ॲक्सल’च्या तीन लेखांचे प्रत्येकी दोन, ‘ऱ्या’ असलेले सगळे मिळून ४१ लेख असे जोडीने निघाले. बाबा जुन्या कळफलकावर जोडक घालून लिहितात, मी फोनवर ऱ दाबते. लेखांच्या आतल्या ‘हेही वाचा’ लिंका त्यांनी हाताने लिहिल्यात, साइटमॅप मी केलाय. त्यामुळे साइटमॅपमध्ये एक पत्ता आणि लिंकांमध्ये दुसरा.

पण दोन्ही पत्ते उघडतात कसे? एक तरी सापडत नाही म्हणायला हवं होतं ना?

काना_मात्रा

पत्त्यात लेखाचा क्रमांक आहे का? असेल तर स्क्रिप्ट फक्त क्रमांक बघत असणार. क्रमांकापुढे काहीही लिहून बघा, लेख उघडला तर तेच.

चाकाची_आरी

क्रमांकापुढे ‘कखग’ लिहिलं. उघडला.

काना_मात्रा

मग एकाच लेखाला अगणित पत्ते आहेत तुमच्याकडे. स्क्रिप्टमध्ये एवढंच घाला: क्रमांकावरून लेख काढला की नोंदीतलं नाव आणि मागितलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का बघायचं, नाही तर नोंदीतल्या पत्त्याकडे ३०१. ताडण्याआधी दोन्ही उलगडून घ्या, कारण टक्क्यांपुढचे आकडे लहान लिपीत असले काय आणि मोठ्या लिपीत असले काय, अर्थ एकच. तिथे फरक धरलात तर फेऱ्यात अडकाल. आणि नाव साठवतानाच एक पद्धत ठरवा. मी ऱ घेईन, जोडक गाळीन. बाबांना त्यांच्या सवयीने लिहू द्या, दुरुस्ती स्क्रिप्टने करावी.

चाकाची_आरी

आज सात आठवडे झाले, म्हणून लिहितेय.

शेवटी काम ह्या क्रमाने झालं: दारांचे ३०१, हेडमधलं चित्र काढणं, नोंदीतून कॅनॉनिकल, छपाईचं पान बंद, मग नावांची तपासणी. ‘हेही वाचा’च्या लिंका मी हाताने नाही, डेटाबेसात एकदम बदलल्या, आधी प्रत घेऊन. साइटमॅप नव्याने केला, त्यात बरोबर २१४ पत्ते.

पहिले तीन आठवडे काहीच हललं नाही. मी रोज ‘साइट’ची शोध-खूण वापरून मोजत होते आणि आकडा कमी होत नव्हता. रात्रपाळींनी निरोपात सांगितलं की ती खूण मोजायला नाहीच; जुना पत्ता मुद्दाम विचारलात तर गूगल तो दाखवतं, जरी त्याने नवा पत्ता आधीच निवडलेला असला तरी. तेव्हापासून मी फक्त यूआरएल तपासणी बघते. महत्त्वाच्या दहा लेखांसाठी पुन्हा येऊन बघायची विनंती दिली, बाकीचे आपोआप होऊ दिले.

आता इंडेक्स झालेली पानं २२३. वरची नऊ ‘ॲ’ची जुळी आहेत, ज्यांच्याकडे गूगल अजून फिरकलेलं नाही. न झालेल्यांचा आकडा उलट वाढला, पण आता त्यांच्यापुढे ‘पेज विथ रिडायरेक्ट’ असं येतं. ते बघून आधी पोटात गोळा आला होता.

पायडलचा लेख खऱ्या पत्त्याने येतोय. आणि त्याच्याखाली जे दोन ओळींचं वर्णन दिसतं त्यात लाल चौकटीतलंच वाक्य आलंय: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. म्हणजे लेख न उघडताही ते वाचता येतं. बाबांनी ते दोनदा वाचलं. ज्या वाचकांचे आटे गेले होते त्यांनाही मी ते पाठवलं.

एक राहिलंय. ह्या लेखाची एक पीडीएफही साइटवर आहे आणि ती वेगळी दिसते. पीडीएफला हेड नसतं, मग कॅनॉनिकल कुठे लिहू?

जुनी_नोंदवही

सर्व्हरच्या उत्तरातल्या हेडरमध्ये. ‘लिंक’ नावाचा हेडर पाठवायचा, त्यात खऱ्या लेखाचा पूर्ण पत्ता आणि ‘रेल’मध्ये कॅनॉनिकल. अपाचीत त्या एका फाइलपुरतं लिहिता येतं. मग कर्लने हेडर मागवून तो खरंच जातोय का बघा. मात्र पीडीएफमध्ये चौकट आहे ना, ते आधी बघा.

चाकाची_आरी

चौकट आहे, बाबांनी पहिल्याच पानावर घेतलीय. हेडर टाकला, कर्लमध्ये दिसतोय.

रात्रपाळी

छान. त्या ३०१ च्या ओळी आता काम झालं म्हणून काढू नका. गूगल किमान वर्षभर ठेवा म्हणतं, मी म्हणेन कायमच्या ठेवा. लोकांनी जुने पत्ते वहीत, मेलमध्ये, इतर साइटींवर लिहून ठेवलेले असतात.

चाकाची_आरी

फाइलीत त्या ओळींच्या वर मराठीत टीप लिहून ठेवली, का टाकल्या आणि कधी टाकल्या, आणि काढू नयेत म्हणून. माझ्यानंतर कुणी ती फाइल उघडली तर त्यालाही कळेल.